बडीशेपेचा खळगा

दर मंगळवारी सकाळी, दिगंबररावांचा दुसरा चहा होईपर्यंत, हेमलता भंगाळेच्या ओट्याशेजारच्या यंत्राच्या पडद्यावर खळग्यांची यादी येऊन पडायची. हेमा पोळ्या लाटता लाटता ती वाचायची. पिठाचं बोट लागून पडद्यावर पांढरे ठिपके पडत आणि तिचे यजमान दिगंबरराव ते बनियनच्या टोकाने पुसत. जळगावातल्या त्या घरात मंगळवारची सुरुवात अशीच व्हायची.

सगळं ठाऊक असलेली यंत्रं घरोघरी आल्याला आता सात-आठ वर्षं झाली होती. पुरणपोळी कशी करायची हे विचारायला कुणी ब्लॉगवर येईना. डाळ शिजायच्या आत यंत्र शिकवून मोकळं व्हायचं. पुरणपोळीवर चाललेले ब्लॉग एकेक करून बसले. हेमाचा 'उरलंसुरलं' तेवढा टिकला, कारण तो नावासारखाच होता. यंत्रांना जे सापडत नाही आणि पुस्तकांत कुणी लिहून ठेवलेलं नाही, तेच ती लिहायची. खाली नाव घालायची 'एक भंगाळे'. पूर्ण नाव घालायची तिला लाज वाटे. भंगाळे जळगावात ढीगभर होते, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

आणि काय सापडत नाही, हे तिला कळायचं खळग्यांमुळे.

त्याचं शास्त्र तिने स्वतःच वाचून शिकून घेतलं होतं. बारावीनंतर तिची कुणी परीक्षा घेतली नव्हती, त्यामुळे समजलं की नाही हे तिचं तिलाच ठरवावं लागे, आणि ती स्वतःला सहसा नापास करत नसे. ते असं होतं. माणसाने प्रश्न विचारला की यंत्र त्यातले शब्द बाजूला ठेवतं आणि अर्थाचे आकडे करतं. नकाशावर गावाची जागा सांगायला दोन आकडे पुरतात, अर्थाची जागा सांगायला हजारभर लागतात, एवढाच फरक. 'भात करपला', 'भाताला वास लागला' आणि 'पातेल्याचं बूड काळं झालं' हे तिन्ही प्रश्न या नकाशात एकाच आळीत राहायला येतात. उत्तरंही याच नकाशात बसलेली असतात. प्रश्न आला, शेजारीच उत्तर मिळालं, माणूस समाधानाने गेला, की तिथली जमीन सपाट. पण माणूस उत्तर वाचून परत येतो, तेच जरा वेगळ्या शब्दांत विचारतो, पुन्हा रिकामाच जातो, असं होत राहिलं की तिथली जमीन खचते. तो खळगा. 'पाणवठा' नावाची एक संस्था असे खळगे शोधून लिहिणाऱ्यांना कळवायची. तुमच्याकडे असेल ते ओता, खळगा भरला की यादीतून जाईल.

विचारणाऱ्याचं नाव कधीच कळत नसे. दहापेक्षा कमी माणसांनी विचारलेला प्रश्न यादीत येतच नसे. याला अपवाद एक. विचारणाऱ्याने स्वतःहून 'प्रश्न खुला ठेवा' म्हटलं, तर एकट्या माणसाचाही खळगा दिसे; सोबत किती वेळा विचारलं तो आकडा आणि परिसराचं एक मोठं, ढोबळ वर्तुळ.

चैत्रातल्या त्या मंगळवारी यादीत शेंगदाण्याची चटणी फ्रिजमध्ये मऊ का पडते, हे होतं. मेलेल्या सासऱ्यांचं स्वेटर उसवून लोकर पुन्हा वापरावी का, हे होतं. आणि चौथ्या ओळीत होतं:

'कुरडयांच्या गव्हात बडीशेपेचं पाणी कोणत्या दिवशी घालायचं, दुसऱ्या की तिसऱ्या?'

विचारणारी व्यक्ती एक. वेळा अकरा. परिसर सावंतवाडीच्या आसपास.

"पोळी जळू राहिली," दिगंबरराव म्हणाले.

हेमाने गॅस बंद केला. पोळी तव्यावरच राहिली.

"काय झालं?"

"तिलू आहे," ती म्हणाली.

दिगंबररावांनी पडदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "यात नाव कुठंय?"

"नाव कशाला लागतं. बडीशेपेच्या कुरडया जगात एकाच घरात झाल्या."

त्या झाल्या होत्या त्याही चुकून. हेमा तेरा वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण तिलोत्तमा सात वर्षांची. चाळीसगावच्या घरी उन्हाळ्यात कुरडयांचा गहू भिजत पडलेला असायचा. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी गहू वाटून त्याचा चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा आणि पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून देऊन चीक आधणात घोटायचा. त्या वर्षी पाणी बदलायचं काम तिलूने हट्टाने मागून घेतलं, आणि वडिलांच्या पित्तासाठी आईने उकळून ठेवलेलं बडीशेपेचं पाणी, पातेलं तसंच दिसतं म्हणून, सगळंच्या सगळं गव्हात ओतलं. हेमाला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. आईने गव्हाचा वास घेतला. "पडलं ते पडलं. एवढा गहू का फेकू?" म्हणाली, आणि पुढचं सगळं नेहमीसारखं केलं. कुरडया जरा तांबूस झाल्या, पण तळल्यावर अख्ख्या गल्लीत विचारणा झाली की भाभी, यात काय घातलंय.

पुढच्या वर्षापासून आई ते पाणी मुद्दाम घालू लागली. फक्त गव्हात नाही. गव्हात घातलं की रंग जातो आणि चीक आंबट होतो, हे तिला कळलं होतं. ती ते घालायची शेवटच्या दिवशी, आधणात. चुलीपाशी त्या वेळी दोघीच असत, आई आणि हेमा. एक ओतणारी, एक घोटणारी. तिलू गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकत असायची. "तिला नको सांगू," आई म्हणायची. "तासाभरात गावभर करेल."

म्हणून तिलूला आजही वाटत होतं की तिने सातव्या वर्षी जिथे ओतलं तिथेच ते ओततात.

हेमाने त्याच दुपारी उत्तर लिहिलं. सात ओळी झाल्या. 'प्रसिद्ध करा'वर बोट नेलं आणि बोट तिथेच थांबलं.

उत्तर मिळालं की तिलू विचारायची थांबणार. खळगा भरणार. एकवीस वर्षांनी पहिल्यांदा बहीण जिवंत असल्याचं जे एवढंसं चिन्ह दिसलं होतं, ते हेमाच्याच हाताने सपाट होणार.

आणि दुसरं त्याहून वाईट होतं. आधणाची गोष्ट माहीत असलेली बाई आता जगात एकच उरली होती. उत्तर वाचलं की ते कुणी लिहिलंय हे तिलूला त्याच क्षणी कळणार. ताईला आपला ठाव लागला, हे कळणार.

एकवीस वर्षांपूर्वी ताईला ठाव लागला होता, तेव्हा काय झालं ते दोघींनाही माहीत होतं. तिलू एका दुपारी हेमाच्या दारात आली होती, एक पिशवी घेऊन. मानेवर बोटांचे व्रण होते. ती म्हणाली, मी परत जाणार नाही. हेमाने तिला आत बसवलं आणि म्हणाली, बरं, आधी शांत हो. मग बाहेर येऊन तिने तिलूच्या नवऱ्याला फोन लावला. समोरासमोर बसून बोललं की मिटतं सगळं, असं तिला खरंच वाटत होतं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि तिची स्वतःची भांडणं अशीच मिटत आली होती. दोन तासांनी तो आला. हेमा त्याच्यासाठी चहा टाकत असताना आतल्या न्हाणीघरात नळ वाहत होता. तिलू तोंड धुतेय, असं सगळ्यांनी धरलं. अर्ध्या तासाने दार ढकललं तर आत नुसता नळ चालू होता. मागच्या जिन्याचं दार उघडं होतं आणि पिशवी नव्हती.

दोन महिन्यांनी चाळीसगावला आईला एक फोन आला. मी बरी आहे, शोधू नका. ताईला काही कळवू नका. पुढे आई गेली, तेव्हा तिलूला कळवायला पत्ताही नव्हता.

हेमाने उत्तर मसुद्यात ठेवलं आणि पडदा बंद केला.

पुढच्या मंगळवारी तो प्रश्न पुन्हा होता, वेगळ्या शब्दांत. 'बडीशेप घातल्यावर चीक आंबट का होतो?' त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन होते. 'ऊन दमट असेल तर कुरडया कशा वाळवाव्यात?' आणि 'सोऱ्या दाबायला मनगटात जोर नसेल तर काय करावं?' हेमा ते वाचायची जशी लोक पूर्वी पत्रं वाचत. म्हणजे समुद्राजवळच आहे. म्हणजे मनगट दुखतं. उजवंच असणार, लहानपणी तेच मोडलं होतं. त्याच्याही पुढच्या मंगळवारी होतं, 'एकटीने कुरडया घालता येतात का?' त्या दिवशी हेमाने भाजीत दोनदा मीठ घातलं. दिगंबरराव ताकाबरोबर जेवले.

मनगटाचं उत्तर द्यायला हरकत नव्हती. त्यात कुणाची ओळख नव्हती. हेमाने लिहिलं की सोऱ्या हातात अधांतरी धरू नका, दोन पाटांमधल्या फटीवर उभा टेकवा, वर पोळपाट उलटा घाला आणि तळहाताने नाही, कोपराच्या वजनाने दाबा. 'एक भंगाळे' नावाने टाकून दिलं. चारच दिवसांनी मनगटाचा खळगा यादीतून गेला. तिलूने ते वाचलं होतं. बहिणीने लिहिलेलं, ओट्याशी उभं राहून कदाचित, वाचलं होतं आणि तसं करून पाहिलं होतं.

त्या आनंदात हेमाला दिवसभर घरात नुसतं फिरावंसं वाटत होतं. संध्याकाळी लक्षात आलं की एक पत्र आता कायमचं बंद झालंय.

तिने पाणवठ्याच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडून मुल्ला नावाचे एक मृदू आवाजाचे गृहस्थ बोलले.

"मॅडम, विचारणाऱ्याचं नाव आमच्याकडेही नसतं. खरंच सांगतो."

"पण वर्तुळ तर दाखवता."

"ते वर्तुळ मुद्दाम चुकीचं असतं. खऱ्या जागेपासून यंत्र त्याला कुठेतरी सरकवतं. दर आठवड्याला वेगळ्या दिशेला, वेगळ्या अंतराने. म्हणजे त्यावरून कुणी कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नये."

"कुणी बहीण असली तरी?"

"मॅडम, दारात कोण उभं आहे हे आतल्या माणसाला उघडल्यावरच कळतं ना," मुल्ला म्हणाले. "तुम्हाला हवं तर वर्तुळ दिसणं बंद करता येतं. पुष्कळ लेखक करतात. एकदा केलं की परत चालू होत नाही."

"नको," हेमा घाईने म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कणीक मळत राहिली. दर आठवड्याला वेगळ्या दिशेला. कणकेत तिचा हात थांबला. बाण नेमका लागत नसला तरी खूप बाण मारले की मध्ये एक जागा दिसू लागते, मग एकही बाण तिथे लागलेला नसेना का. चुका सगळ्या दिशांना सारख्या असतील, तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. हे तिने कुठे वाचलं नव्हतं, पण माप विसरलं की ती मीठ असंच घालायची, दहा वेळच्या अंदाजांचा मध्य धरून.

तिने दक्षिण कोकणाचा नकाशा छापून आणला. एकेका कागदावर एकेका आठवड्याचं वर्तुळ वाटी उलटी ठेवून काढलं, आणि सगळे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. पाच वर्तुळांत मधला तुकडा तळहाताएवढा होता. सहाव्या आठवड्यात तो पुरीएवढा झाला. आठव्या आठवड्यात त्यात वेंगुर्ल्याच्या खालची तीन गावं उरली.

दिगंबरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले होते. बिघाड कुठल्या खांबापाशी आहे हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कागदांचा हा खेळ त्यांना मनापासून आवडला. कडा जुळवून देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"अजून दोन मंगळवार," ते म्हणाले. "मग एकच गाव राहील. गाडी मी बोलून ठेवतो. शनिवारी निघू, रविवारी दुपारी तिच्या दारात."

"आणि काय सांगू?"

"काय सांगायचं? रडशील तू. मग ती रडेल."

"ती मागचं दार बघेल," हेमा म्हणाली.

दिगंबररावांनी कागद खाली केले. त्या दुपारी तेही घरी होते. तिलूच्या नवऱ्यासमोर बिस्किटांची बशी त्यांनीच ठेवली होती.

"मग उत्तर तरी देऊन टाक. ती बाई तिकडे दोन महिने गहू नासवू राहिली."

"दिलं की जाईल ती."

"म्हणजे तू तिला उपाशी ठेवलंय," दिगंबरराव हळू आवाजात म्हणाले, "का, तर जेवली की पानावरून उठेल म्हणून."

हेमा कागदांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेली, आणि दिवसभर दोघं एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतं बोलली.

नवव्या मंगळवारी यादीत तो खळगा पार खाली गेला होता. आठवडाभरात एकदाच विचारलं होतं. शब्द असे होते:

'कुरडया जमल्याच नाहीत तर भिजवलेल्या गव्हाचं काय करावं?'

हेमाने ते उभ्यानेच वाचलं. हा प्रश्न सोडून देणाऱ्या माणसाचा होता. ब्लॉग लिहायला लागल्यापासून तिने असे कितीतरी पाहिले होते. असा प्रश्न आला की पुढच्या यादीत तो खळगा नसतो. भरलेला नसतो, माणूसच यायचा थांबतो. उन्हाचे पंधरा-वीस दिवस उरले होते. आता हेमा बोलली नाही तर तिलू आपली आपणच जाणार होती, आणि रिकाम्या हाताने जाणार होती. हेमाच्या घरातून ती दुसऱ्यांदा तशीच जाणार होती.

"अहो," तिने हाक मारली. "गव्हाची गोणी काढा वरून."

"आत्ता? आपल्याला कुठे वाळवायला जागा आहे? गच्चीवर सगळं सोलर आहे."

"काढा म्हणते ना."

चार दिवस तिने गहू भिजवला, वाटला, चीक काढला. पाचव्या दिवशी सकाळी दिगंबरराव नेहमीप्रमाणे पातेलं धरायला आले, तर तिने त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं.

"एकटीने करायचंय मला."

"एकटीने गुठळ्या होतील."

"होऊ द्या. कशाने होतात ते तर कळेल."

पहिल्या खेपेला झाल्या. उकळत्या आधणात एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने घोटायचं, हे कुणाच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिने चीक आधी गार पाण्यात सारखा केला, मीठ, हिंग आणि गाळलेलं बडीशेपेचं पाणी गारच घातलं आणि मग पातेलं मंद आचेवर चढवलं. नुसतं ढवळत राहायचं, थांबायचं नाही. तिच्या आईने असं कधी केलं नव्हतं. आईला कधी एकटीने करावं लागलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी चीक पातेल्याच्या कडा सोडू लागला, काचेसारखा दिसू लागला आणि स्वयंपाकघरभर तो वास सुटला. दिगंबरराव दारात येऊन उभे राहिले होते, पण आत आले नाहीत.

हेमाने कमरेवर हात देऊन पाठ ताणली. एवढा वेळ एकटीने उभं राहणं म्हणजे काय, हे तिच्या पोटऱ्यांना कळलं होतं. कुरडया तिने आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवल्या. तिलूकडच्या दमट हवेत दुसरा इलाज नसणार. तीन दिवस लागले.

मग ती लिहायला बसली. आधी तिने माफी लिहिली. दीड पान झालं. वाचून पाहिलं तर त्यात सगळीकडे 'मला वाटलं' होतं; मला वाटलं मिटेल, मला वाटलं तो सुधारेल. कुरडयांचा कुठे पत्ता नव्हता. ज्या बाईने कुरडया विचारल्या तिला हे वाढायचं म्हणजे पुन्हा आपलंच म्हणणं तिच्या पानात वाढणं. तिने दीड पान पुसलं.

शेवटी राहिलं ते असं:

'बडीशेपेचं पाणी दुसऱ्या दिवशी घालायचं नाही आणि तिसऱ्याही नाही. गव्हात ते घालूच नये. रंग जातो, चीक आंबतो. ते पाचव्या दिवशी, चीक शिजवताना घालायचं. चिकाच्या एका पेल्याला अर्धी वाटी, गाळून. आई तसंच करायची. तू तेव्हा गच्चीवर असायचीस, म्हणून तुला दिसलं नाही.

एकटीने कुरडया घालता येतात. मी परवा घालून पाहिल्या. चीक गार पाण्यात सारखा करून मगच चुलीवर ठेव. वेळ लागतो. खुर्ची जवळ असू दे. पंख्याखाली वाळतात.

नासलेल्या गव्हाचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो माझ्यामुळे गेला. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही.

तुझा परिसर मला दिसत होता. मी तो बंद केला आहे. तो परत चालू होत नाही. जे कागद केले होते ते फाडले. मी कुणाला फोन केलेला नाही. करणार नाही.'

खाली तिने 'एक भंगाळे' लिहिलं, ते खोडलं आणि लिहिलं, 'हेमा'.

वर्तुळाची खूण काढताना यंत्राने दोनदा विचारलं, नक्की का. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. नऊ कागद दिगंबररावांनी फाडले. फाडण्याआधी त्यांनी ते शेवटचे एकदा खिडकीशी धरले, तेव्हा हेमा तोंड फिरवून उभी राहिली.

"पाहिलंत?" तिने विचारलं.

"चष्मा नव्हता," दिगंबरराव म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

उत्तर प्रसिद्ध झालं. तिसऱ्या दिवशी खळगा भरला. पुढच्या मंगळवारी यादीत पुदिन्याचं होतं, आंब्याच्या कोयींचं होतं, जुन्या छत्रीच्या काड्यांचं होतं. कुरडयांचं काही नव्हतं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नव्हतं. पोस्टखाली कुणी काही लिहिलं नाही. हेमाने छत्रीच्या काड्यांवर एक चांगला लेख लिहिला. लोकांना तो आवडला.

जमल्या असतील का, एवढंच तिच्या मनात येत राही. जमल्या असतील तर तळल्या कुणाबरोबर असतील. पण हे विचारायचा हक्क आपण त्या कागदांबरोबर फाडला, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

चौथ्या मंगळवारी पोळ्या झाल्यावर ती यादी न वाचताच पडद्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने लोकांच्या हजारो प्रश्नांना उत्तरं दिली होती. स्वतः तिने पाणवठ्यावर कधी काही विचारलं नव्हतं. जे लागे ते ती वाचून काढायची, नाहीतर करून बघायची. पण एक गोष्ट अशी होती जी वाचून कळण्यासारखी नव्हती आणि करून बघण्यासारखीही नव्हती.

त्या दुपारी तिलू आली तेव्हा दीड वाजला होता. हेमाने तिला आत बसवलं, शांत हो म्हटलं, फोन केला, चहा टाकला, बिस्किटं काढली, ती सगळी तिलूच्या नवऱ्यासाठी. तिलूच्या पुढे तिने काहीच ठेवलं नव्हतं.

हे तिला गेल्या एकवीस वर्षांत कधी आठवलंच नव्हतं. पंख्याखाली कुरडया वाळत असताना आठवलं.

तिने हलक्या आवाजात पडद्याला विचारलं, "घरातून निघून गेलेलं माणूस त्या दिवशी कुठे जेवतं?"

यंत्राने लगेच निवारागृहांची माहिती दिली, मदतीचे क्रमांक दिले, हरवलेल्या व्यक्तींबाबत काय करावं ते सांगितलं. शेवटी विचारलं, उत्तर मिळालं का?

"नाही," हेमा म्हणाली.

प्रश्न खुला ठेवायचा का?

"ठेव."

पुढच्या मंगळवारी ते यादीत होतं, अगदी तळाशी. विचारणारी व्यक्ती एक, वेळा पाच. दिगंबररावांनी दुसऱ्या चहाचा कप बाजूला ठेवून ते वाचलं. प्रश्न कुणाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"पाच वेळाच?" ते म्हणाले.

"एका आठवड्यात किती विचारणार?"

"खळगा खोल झाला तर वर येईल. तिकडे कुणी यादी बघत असेल तर दिसेल."

"ती कशाला बघेल यादी? ती विचारणाऱ्यांतली."

"तूही कालपर्यंत विचारणाऱ्यांतली नव्हतीस," दिगंबरराव म्हणाले आणि पिठाचे ठिपके पुसायला बनियनचं टोक पुढे केलं. मग काय वाटलं कोण जाणे, ते न पुसताच कप उचलून गॅलरीत गेले, जाताना स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

हेमाने हात धुतले, पदराला पुसले. पाच वेळा तिने सगळं पोक्त बाईसारखं विचारलं होतं, घरातून गेलेलं माणूस, त्या दिवशीचं जेवण, असं, वर्तमानपत्रात छापता येईल अशा शब्दांत. सहाव्या वेळेला तिने पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"तिलू," ती म्हणाली, "जेवली होतीस का गं?"